लाल गाडीच्या नाकपुड्या

आमच्या सोसायटीत बी विंगमधले एक बँकवाले गृहस्थ रोज सकाळी नऊच्या सुमारास आपली स्पोर्ट्स बाइक चालू करतात आणि पाच मिनिटं नुसती गुरगुरत ठेवतात. अख्ख्या बोरिवलीला कळल्याशिवाय तिला गिअर पडत नसावा. मी सेक्रेटरीकडे दोनदा तक्रार केली आहे, त्या गृहस्थांशी एकदा कडाक्याचं भांडलेही आहे. तरी गाडी चालू झाली की हातातलं काम टाकून मी खिडकीत जाते. हल्लीच्या गाड्यांचं तोंड मुद्दाम रागीट करतात, डोळे बारीक आणि कपाळ पुढे आलेलं. काम चांगलं असतं, खोटं कशाला बोलू? वारा कुठून आत जातो, तापून कुठून बाहेर पडतो, चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर झोत येऊ नये म्हणून फट कुठे ठेवली आहे, हे मला तिसऱ्या मजल्यावरून कळतं. त्या गृहस्थांना विचारलंत तर ती किती पळते एवढंच ते सांगतील. गाडी पळवणारा तो शहाणा आणि तिचं अंग घडवणारा तो मजूर, असं मानणाऱ्या माणसांशी माझं जुनं वैर आहे. सत्तरीला टेकले तरी ते कमी झालेलं नाही आणि कमी करण्याचा माझा विचारही नाही.

मी विशीची होते तेव्हा आम्ही जोगेश्वरीला राहत होतो, लेण्यांच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या चाळीत. माझा बा बुलढाण्याकडचा. साकीनाक्याला परबशेठच्या गाळ्यात तो फायबरचं काम करायचा. पाण्याच्या टाक्या, दुकानांच्या पाट्या, रिक्षांचे टप, जे येईल ते. या कामात काचेच्या धाग्यांची चटई साच्यावर पसरतात आणि ब्रशने राळ पाजत जातात. त्या धाग्यांची कुसळं अंगात शिरतात. बा संध्याकाळी घरी आला की आधी उंबऱ्याबाहेर बसायचा. माय त्याच्या हातांना खोबरेल चोळायची आणि कपाळाला आठ्या घालून एकेक कुसळ चिमटीने काढायची. “भाकरीत काच नको मले,” हे तिचं रोजचं वाक्य. त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजायचे. घरात राळेचा गोडसर, घशाला लागणारा वास कायम असायचा. त्यावर ठेच्याची फोडणी पडली की शेजारच्या काकू दार लावून घ्यायच्या. त्यांनी ते ठेच्यामुळे लावलं की आमच्यामुळे, हा प्रश्न माय मोठ्याने विचारायची, म्हणजे तो भिंतीपलीकडे ऐकू जाईल.

मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करत होते. आमच्या तुकडीत मुली दोनच. घरात टेबल नव्हतं, म्हणून मी ड्रॉइंग बोर्ड पोळपाटाशेजारी जमिनीवर ठेवून ओणवी बसायचे. पाठ जी तेव्हा गेली ती गेलीच. बाला वाचता येत होतं ते पेपरापुरतं, माझी ड्रॉइंगं त्याला कळत नसत. पण मी एखादी गोलाई काढली की तो आपला खरखरीत तळवा हवेत तशीच गोलाई घेऊन फिरवायचा आणि म्हणायचा, “इथं साच्यातून माल सुटनार नाही, पोरी. इथं जरा ढील दे.” दर वेळी त्याचंच बरोबर निघायचं. मला त्याचाही राग यायचा.

परबशेठचा मुलगा दिलीप याने एक जुनी टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची गाडी उचलली आणि तिची परदेशी मासिकात असते तशी रेसची गाडी करायची हे खूळ डोक्यात घेतलं. दिलीपला मी आजही शिव्या देते, पण त्याचा कान अस्सल होता. इंजिनाच्या आवाजावरून कुठला सिलिंडर आळसावलाय ते तो सांगायचा. त्याने सायलेन्सर कापून पोटात फुगीर केला, सिलिंडरची भोकं घासली, हँडल काढून तिथे आखूड मुठी लावल्या, पायठेवणं मागे नेली. आता गाडीवर बसायचं म्हणजे टाकीवर पालथं पडायचं. ती सुरुवातीला मरगळल्यासारखी चालायची आणि मीटरचा काटा अर्ध्याच्या वर गेला की एकदम किंचाळून पुढे उसळायची. मी एकदा मागे बसले होते. मला ती गाडी मनापासून आवडली होती, हे लिहून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं नुसत्या द्वेषातून झालं असं वाटेल.

तिला पुढून अंगरखा हवा होता, वारा कापणारा, फायबरचा. मुलुंडच्या एका मोठ्या दुकानदाराने शब्द दिला होता की गाडी पळून दाखवा, तसे अंगरखे मी विकायला घेतो. दिलीपने मासिकातलं चित्र बाला दाखवलं. बा म्हणाला, “साचा करतो, पन आधी कागदावर पायजे. माही पोरगी काढंल.” असा माझा गाळ्यात प्रवेश झाला. पहिल्याच दिवशी मी दिलीपला सांगितलं की चित्रातली गाडी पाण्याने थंड होते, तुझी वाऱ्याने होते. हिच्या इंजिनावर ज्या पातळ पट्ट्या आहेत त्यांच्यामधून वारा खेळला नाही तर ती भाजून मरेल. हिला पुढून झाकायचं तर नाकं ठेवायला हवीत. “ठेव ना मग, मॅडम. दोन ठेव, चार ठेव. दिसायला झकास पाहिजे बस्स,” तो म्हणाला.

मी दोन फटी ठेवल्या. दिव्याच्या खाली, तिरक्या, आतून नळीसारख्या निमुळत्या होत थेट सिलिंडरच्या तोंडाशी जाणाऱ्या. गाळ्यात त्यांना सगळे नाकपुड्याच म्हणायचे. चार महिने त्यात गेले. आधी लाकूड आणि प्लास्टरचं ढब्बू रूप, मग ते घासणं, मग बाचा साचा. नाकपुड्या वारा खरोखर आत घेतात की बाहेरच्या बाहेर ढकलतात हे कळायला मी मायच्या स्वेटरची उरलेली लोकर आणली, बोटाएवढे धागे कापले आणि अंगरख्यावर रांगेत चिकटवले. बोरिवलीच्या बाजूला नव्या रस्त्याचा एक तुकडा तेव्हा अजून उघडला नव्हता. तिथे दिलीप गाडी चालवायचा, बा शेजारून गाळ्याची स्कूटर चालवायचा आणि मी मागे आडवी बसून धागे कुठे वळतात ते वहीत टिपायचे. पहिल्यांदा नाकपुड्यांपाशी धागे वेड्यासारखे फडफडले, म्हणजे वारा तिथे अडकत होता. मी ओठ गोल केले, वरची कड अर्धा इंच पुढे घेतली. पुढच्या खेपेला सगळे धागे एका दमात आत वळले. असे ओढले गेले की एक सुटून आतच गेला. मी स्कूटरवर ओरडले. बाने दचकून ब्रेक मारला आणि आम्ही दोघं पडता पडता वाचलो. त्या दिवसाइतका निखळ आनंद मला त्यानंतर क्वचितच झाला असेल.

ड्रॉइंगच्या शीटवर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. आरेखन कुणी केलं त्याचं नाव तिथे लिहायचं. शिकण्याच्या नाही, खऱ्या कामाच्या शीटवर माझं नाव तिथे पहिल्यांदाच आलं होतं आणि मी ते शाळकरी मुलीसारखं कोरून काढलं होतं. दसऱ्याच्या आठवडाभर आधी मुलुंडचे दुकानदार गाळ्यात आले. दिलीपने त्यांच्यापुढे शीट उलगडली तेव्हा मी राळेचे डबे लावत होते. चौकटीत ब्लेडने खरवडल्याचा पांढरा डाग होता आणि त्यावर दिलीपचं नाव. “डिझाइन पूर्ण माझं आहे,” तो म्हणत होता, “हे लोक नुसते हात.” आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा मी डोळ्यांनी पाहिला. दुकानदार गेल्यावर मी त्याला धरलं.

“माझं नाव का खोडलंस?”

“अगं, धंद्याची गोष्ट आहे यार. मुलीने काढलंय म्हटल्यावर तो घेईल का? डोकं नको खाऊ.”

“मग परत लिही. आत्ता लिही.”

“बघू. दसऱ्यानंतर.”

बा तिथेच हात पुसत उभा होता. घरी येताना मी त्याच्याशी बोलले नाही.

दसऱ्याला आमच्या घरी वेगळी गडबड असते. पांढरे कपडे, विहारात वंदना, मायची गव्हाची खीर. पण गाळ्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा, आणि सगळ्या कामगारांनी यायचंच असा शेठचा दंडक. बा दर वर्षी जायचा, आरतीच्या वेळी दारात मागे हात बांधून उभा राहायचा. शेठही त्याला कधी पुढे ये म्हणाले नव्हते. प्रसादाचं ताट त्याच्यापुढे न धरता मिठाईचा बंद पुडा हातात द्यायचे. एकमेकांचं राखून राहण्याची ती त्यांची रीत होती आणि त्या वर्षापर्यंत मला ती चांगली वाटायची. त्या दिवशी पूजेनंतर लगेच दुकानदारांना गाडी पळवून दाखवायची होती, म्हणून मीही पांढऱ्या साडीत गाळ्यात गेले.

लाल गाडी मधोमध. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि पुढे दिव्याच्या वरून दोन्ही बाजूंना सोडलेला झेंडूचा हार, मनगटाएवढा जाड, मध्ये आंब्याची पानं ओवलेला. उभ्या गाडीवर तो नाकपुड्यांच्या जरा वर लोंबत होता, काही झाकत नव्हता. पण ती लोकर आत कशी ओढली गेली ते मी पाहिलं होतं. मी दिलीपला म्हणाले, “पळवण्याआधी हार काढ. वेगात तो आत ओढला जाईल, नाकपुड्या बंद होतील.” आणि सुतळीची गाठ बघायला हात पुढे केला.

“गो, गो! हात लावू नको हां!” शेठ पलीकडून ओरडले. सगळे वळले. “दसऱ्याचो पूजेचो हार त्याच दिवशी कोण काढता? तुमच्यात ह्या सगळा नसता, म्हणान तुका सोपा वाटता.”

दिलीप हसला. “मॅडमला देव नको, हवा पाहिजे.” मग बाकीचेही हसले.

चार महिने त्या गाडीचा एकेक इंच माझ्या हाताखालून गेला होता. तिची पाठ मी घासली होती, तिच्या पोटातली राळ माझ्या नखांत होती. आणि आज हात लावू नको. शेठ वाईट नव्हते, घाईत बोलून गेले, असं पुढे मला पुष्कळांनी समजावलं. समजावणाऱ्यांपैकी एकालाही कधी कुणी हात मागे घ्यायला लावला नव्हता. मी हात मागे घेतला. बा दारात होता, नेहमीसारखा मागे हात बांधून.

बोरिवलीच्या रस्त्यावर दुकानदार छत्रीखाली खुर्ची टाकून बसले, शेजारी शेठ. बा आणि मी रस्त्याच्या कडेला स्कूटरपाशी. दिलीपने आधी एक फेरी मारली, तब्येतीत, जरा राखून. पार टोकाला जाऊन परत आला आणि आमच्यापाशी थांबला. मी पुढून पाहिलं. हार आता लोंबत नव्हता. दोन्ही नाकपुड्यांत झेंडू ठासून बसला होता, पानांची टोकं तेवढी बाहेर. टाकीवर पालथं पडलेल्या माणसाला ते दिसणं शक्य नव्हतं. अंगरख्याच्या आतून तेल भाजल्याचा वास येत होता. दिलीपने हेल्मेटची काच वर केली. त्याचा कान अस्सल होता, हे मी वर म्हटलंच आहे. त्याला काहीतरी खटकलं होतं.

“शालिनी,” तो म्हणाला. मॅडम नाही, शालिनी. “आवाज जरा कोरडा येतोय ना? गरम होतेय का गं? तुला काय वाटतं?”

त्याने विचारलं होतं. चारचौघांत, मला, नावाने. चार महिन्यांत पहिल्यांदा. एवढंच सांगायचं होतं की खाली वाकून बघ. मी त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले, “डिझाइन तुझं आहे ना? तूच सांग.”

त्याने काच खाली केली आणि तो गेला.

दुसऱ्या फेरीला त्याने काही राखलं नाही. गाडी किंचाळली तेव्हा दुकानदार खुर्चीतून उठून उभे राहिले. अंगरखा वारा कापत होता, गाडी रेघेत, अजिबात न डगमगता चालली होती, आणि त्या स्थितीतही माझ्या मनात आलं की वरची कड अर्धा इंच पुढे घेतली ते बरोबर केलं. मग आवाज मधेच तुटला. तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. त्या क्षणी क्लच दाबला तर माणूस वाचतो, पण क्षणच मिळतो. गाडी आडवी झाली आणि दिलीपला घेऊन कितीतरी लांब घसरत गेली. शेठ “माझो झील, माझो झील” करत मुलाकडे अनवाणी धावले. चपला खुर्चीखालीच राहिल्या होत्या.

जीव वाचला. डावा गुडघा गेला, कायमचा. तेविसाव्या वर्षी ज्याचा पाय अधू झाला त्याला पुढच्या चाळीस वर्षांत काठी घेऊन चालताना मी दोनदा लांबून पाहिलं. दोन्ही वेळा रस्ता ओलांडून गेले. माफी मागावीशी वाटली का, असं माझी लेक विचारते. वाटली. आणि त्याने माझं नाव परत लिहावं असंही वाटलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात, त्याला मी काय करू?

गाडी टेम्पोत घालून गाळ्यात आणली. मी तेव्हा तिथेच होते. पट्ट्यांमध्ये झेंडूच्या पाकळ्या भाजून काळ्या होऊन चिकटल्या होत्या. कुणीही शांतपणे बघितलं असतं तर उलगडा झाला असता. पण पूजेच्या फुलांवर पाय पडू नये म्हणून एका जुन्या कामगाराने भक्तिभावाने एकेक फूल वेचून काढलं, पट्ट्यांमधून चिमट्याने पाकळ्यासुद्धा ओढल्या, सगळं निर्माल्य पिशवीत भरलं आणि पवईच्या तलावात सोडून आला. माझ्या डोळ्यांदेखत. आता नाकपुड्या स्वच्छ होत्या, आणि इंजिन का जळलं याला डिझाइनखेरीज दुसरं कारण उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी शेठने सगळ्यांना उभं केलं. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. “डिझाइन कोणाचा ता? आदी ता सांगा.”

शीट टेबलावर पडली होती, चौकटीत दिलीपचं नाव. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. “तिचंच,” मागून कुणीतरी म्हणालं. “दिलीप पण हॉस्पिटलात तेच बोलला. नाकपुड्या तिनेच काढल्या.” अशी माझी कलाकृती मला परत मिळाली. मी तोंड उघडलं. हाराचं सांगायचं तर मग तुला कधी दिसला हेही सांगावं लागणार होतं. मी तोंड मिटलं.

“नाकपुड्या माह्या,” बा म्हणाला. तो पहिल्यांदाच दारातून पुढे आला होता. “पोरीनं निस्त्या रेघा मारल्या. भोकं मी बारीक ठेवली, साचा सुटावा म्हनून. चुकी माही हाये, शेठ.”

ज्याच्या साच्यात अकरा वर्षांत केसाचा फरक पडला नव्हता, तो माणूस हे बोलत होता. शेठ म्हणाले, “उद्यापासून येऊ नको.” मी एक शब्द बोलले नाही.

साकीनाक्यापासून जोगेश्वरीपर्यंत आम्ही चालत आलो. वरून विमानं उतरत होती, प्रत्येक वेळी बोलणं थांबवावं लागावं अशी. पण बोलत कुणीच नव्हतं. मला वाटत होतं, आता हा मला विचारेल, आणि मग मी सांगेन, आणि मग तो मला मारेल. मारावं, असंही वाटत होतं. घराजवळच्या चढावर तो थांबला आणि हातावरचं कुसळ काढत, माझ्याकडे न बघता म्हणाला,

“तो हार म्या बी पाह्यला व्हता. थांबला तवाच.”

“मग बोलला का नाहीस?”

“सकाळी तुले बोलले ते ऐकलं व्हतं.”

दुसरी कुणी असती तर तिथे रडली असती, बापाच्या गळ्यात पडली असती. मला संताप आला. डिझाइन दिलीपने नेलं होतं. गाळ्यातली चूक बाने आपल्या अंगावर घेतली होती. तो एक गुन्हा तेवढा माझा एकटीचा, सगळाच्या सगळा माझा म्हणून उरला होता, आणि त्यातही हा माणूस अर्ध्याला येऊन उभा राहिला. खरंच त्याने हार पाहिला होता की मला एकटीला ते ओझं नको म्हणून तो तसं म्हणाला, हे विचारायला हवं होतं.

“गप्प बस,” मी म्हणाले.

त्यानंतर तो अठरा वर्षं जगला. मी सांगितलेलं त्याने ऐकलं.